बघायचे पैसे

सोमवार, ९ ऑक्टोबर २०२३. सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी माझ्या दुकानासमोर एक पिकअप थांबली आणि ही हकिकत सुरू झाली. वेळ नेमकी लक्षात आहे, कारण त्याच दिवशी संध्याकाळी सहाला मला मुलाला उत्तर द्यायचे होते, आणि सकाळपासून मी भिंतीवरच्या घड्याळाकडे गरजेपेक्षा जास्त वेळा पाहत होतो.

उत्तर हो किंवा नाही एवढेच होते. मुलगा पुण्यात नोकरी करतो. त्याच्या भाड्याच्या घरात आम्हा नवरा-बायकोसाठी वेगळी खोली नाही. त्याने मोठे घर पाहिले होते आणि त्याचा करार दुसऱ्या दिवशी व्हायचा होता. आम्ही येणार असलो तर मोठे घर, नाहीतर आहे तेच. "बाबा, तुम्ही पाच महिने दुकान चालवून पाहिलंत," तो म्हणाला होता. "ते घर चालवतं का, एवढंच सांगा. चालवत असेल तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नसेल तर तुम्ही दोघं इकडे या." अट रास्त होती. मी ती मान्य केली होती.

दुकान घर चालवत नव्हते.

पुण्याच्या एका कारखान्यात मी तीस वर्षांहून अधिक काळ काढला. तेथे यंत्रे नियंत्रित करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पट्ट्या, म्हणजे सर्किट बोर्ड, तयार होत. मी तपासणी विभागात होतो. पट्टी बाहेर पडण्यापूर्वी तिच्यावर माझी सही लागे. मी सही नाकारली की माल अडे, आणि माल अडला की वरच्या मजल्यावरून फोन येई. फोन आला म्हणून मी सही केली, असे झाले नाही. हे मी अभिमानाने लिहीत नाही. त्या कामाचा मला पगार मिळत होता. पुढे कारखाना विकला गेला. नव्या मालकांनी तपासणी बाहेरच्या लोकांकडे सोपवली आणि विभाग बंद केला. निरोपाला शाल मिळाली. पेन्शन खाजगी नोकरीत नावापुरते असते, तेवढे आहे.

साठीला टेकलेल्या माणसाने नवे उत्पन्न कोठून काढायचे, याबद्दल सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. त्यांचे ऐकून मी काही उद्योग करून पाहिले. काही मंडळींनी मला मोबाइलवरून विद्यार्थ्यांना शिकवायला बसवले. त्यांची सूचना होती की कॅमेऱ्याकडे पाहून अधूनमधून हसावे. विद्युतरोध शिकवताना हसण्याचे कारण मला सापडले नाही, आणि त्यांना माझ्यात शिक्षक सापडला नाही. नंतर विम्याचे काम घेतले. त्यात लोकांना त्यांच्या मरणाची आठवण करून द्यावी लागते. ते मी बरे करत असे, पण लोक पुन्हा दारात उभे करत नसत. माझ्या जुन्या हाताखालच्या माणसांनी सल्लागार म्हणून एकदोनदा बोलावले. त्यांना सल्ला नको होता. बाहेरच्या माणसाची सही हवी होती. मी उठून आलो.

शेवटी आम्ही आखाडा बाळापूरला परतलो. गावात बौद्धवाड्याच्या टोकाला माझ्या वडिलांनी नोकरीत असताना बांधलेले घर आहे. भाडे नाही, हा त्याचा मोठा गुण. बाजाराच्या रस्त्याला मी एक गाळा घेतला. कल्पना साधी होती. या भागात शेतोशेती मोबाइल स्टार्टर बसले आहेत. स्टार्टर म्हणजे विहिरीवरच्या मोटारीची पेटी. तिच्यात एक सिमकार्ड असते, घरी बसून फोन लावला की मोटार चालू होते. त्या पेटीतली पट्टी म्हणजे मी आयुष्यभर तपासत आलो त्यातलाच प्रकार. पेटी बिघडली की लोक ती जिल्ह्याच्या गावी नेत आणि नवी पट्टी घालून आणत. जुनी खरोखर बिघडली होती का, हे कोणी विचारत नसे.

मी विचारणार होतो. दुकानावर पाटी लावली: 'स्टार्टर व नियंत्रक तपासणी. शुल्क आधी. दोष असो वा नसो.' शुल्क खानावळीतल्या एका थाळीएवढे ठेवले.

त्या पाटीने मला गावात प्रसिद्ध केले, पण धंदा दिला नाही. आमच्याकडे कारागिराला पैसे सामानाचे मिळतात. नवा सुटा भाग बसवला की त्याची किंमत आणि वर हाताची मजुरी, हे सर्वांना मान्य असते. नुसते बघितल्याचे पैसे ही कल्पना कोणाला पटत नाही. त्यामुळे काही बिघडले नसले तरी कारागीर एखादा भाग बदलतो. त्याचे पोट भरते, आणि गिऱ्हाइकालाही काहीतरी झाल्यासारखे वाटते. ही लबाडी आहे असे येथे कोणी मानत नाही. ती रीत आहे.

माझ्या दुकानाला लागून मोटारी भरणाऱ्या मिस्त्रींचे दुकान आहे. मोटार भरणे म्हणजे जळालेली तांब्याची तार काढून नवी गुंडाळणे. मिस्त्री माझ्याच वयाचे. त्यांचे वडीलही तेथेच मोटारी भरत, आणि आजोबा निजामाच्या काळात पाण्याच्या मोटा शिवत, असे ते सांगत. सगळा बाजार त्यांना चाचा म्हणे. मी मिस्त्री म्हणे, ते मला साहेब म्हणत आणि त्या शब्दात थोडी थट्टा ठेवत. माझ्याकडे येणारे निम्मे लोक त्यांनीच पाठवलेले असत.

पहिल्या महिन्यात त्यांनी एकाला पाठवले. त्याची पेटी फोन उचलत नव्हती. मी पेटी उघडली, तपासली, बंद केली. पट्टी ठणठणीत होती. सिमकार्डाचे रिचार्ज संपले होते. मी तसे सांगितले. पैसे आधीच घेतले होते. त्या गृहस्थाने चहाच्या टपरीपासून एसटीच्या थांब्यापर्यंत सांगितले, की पुण्याहून आलेला म्हातारा रिचार्ज मार म्हणायचे पैसे घेतो. आठवडाभर कोणी फिरकले नाही.

"साहेब, एक फ्यूज बदलून दाखवायचा होता," मिस्त्री म्हणाले. "माणसाला हातात काहीतरी लागतं."

"फ्यूज चांगला होता."

"फ्यूज चांगलाच असतो हो. माणसाचं मन खराब होतं."

मी फ्यूज बदलला नाही. त्यानंतरही बदलला नाही. पाच महिने असेच गेले. दिवसाला एखादा येई, एखाद्या दिवशी कोणी येत नसे. गाळ्याचे शटर उघडताना आणि लावताना किंचाळल्यासारखा आवाज करी, आणि मिस्त्री रोज सकाळी त्याला सलाम केल्यासारखा हात कपाळाला लावत. शटर गाळ्याच्या मालकाचे होते. आपण येथे राहणार की नाही हे ठरल्यावाचून त्यावर काही करायचे नाही, असे मी ठरवले होते.

तर पिकअप थांबली. तीतून एक बागायतदार उतरला. शिरड शहापूरचा. हळद, ऊस, दोन विहिरी, एक शेततळे, आणि भाऊबंदांचे तेवढेच पुन्हा. त्याची सासुरवाडी बाळापूरची, त्यामुळे त्याच्या मोटारी पहिल्यापासून मिस्त्रींकडेच भरायला येत. मिस्त्रींच्या दुकानातले ते सर्वात मोठे गिऱ्हाईक होते. आज मात्र तो मिस्त्रींच्या दुकानासमोरून चालत माझ्याकडे आला. त्याच्या माणसांनी मागून एक जळालेली मोटार आणि स्टार्टरची पेटी आणून माझ्या ओट्यावर ठेवली.

"साहेब, तुमी बघायचे पैसे घेता म्हणं."

"घेतो."

"घ्या." त्याने नोट टेबलावर ठेवली आणि रस्त्याकडे तोंड करून, समोरच्या चहाच्या टपरीवरच्यांना ऐकू जाईल असे बोलू लागला. दोन महिन्यांत मोटार दुसऱ्यांदा जळाली. हळद पाण्याला आली आणि पाणी बंद. चाचाने हलकी तार घातली, असा त्याला संशय होता. हिंगोलीत विचारले तर तो म्हणे एक, हा म्हणे दुसरे. माझे कोणाशी देणेघेणे नाही असे त्याने ऐकले होते. म्हणून त्याने माझ्याकडे निवाडा मागितला. "तुमी चाचाच्या तोंडावर सांगा, तार खोटी हाय म्हणून. मंग माझे अन् भावांचे सगळे स्टार्टर वर्षभर तुमीच बघायचे. बोला."

मिस्त्री आपल्या दारात येऊन उभे राहिले होते. हातात हातोडी होती. 

वर्षभराच्या त्या कामात आमच्या घराचा किराणा, वीज आणि गाळ्याचे भाडे निघाले असते. हे मनात यायला वेळ लागला नाही. संध्याकाळी मुलाला काय सांगता आले असते, हेही आले. मी मोटारीचे झाकण उघडले.

मोटारीत तारेच्या गुंडाळ्यांचे तीन गट असतात, विजेच्या प्रत्येक फेजचा एक. तार हलकी असली तर ती एखाद्या जागी जळते. मोटारीवर ओझे जास्त पडले तर तिन्ही गट सारखे काळे होतात. पण एक फेज नसताना मोटार ओढली, तर काही गुंडाळ्या कोळसा होतात आणि त्यांच्या शेजारच्या कोऱ्या राहतात. माझ्यासमोरच्या मोटारीत काळे आणि कोरे पट्टे पाळीपाळीने होते. तांबे जाड होते. मिस्त्रींनी त्यात कसूर केली नव्हती.

मग पेटी उघडली. एक फेज गेली की मोटार बंद पाडणारा एक सुटा भाग पेटीत असतो. तो जागेवर होता, पण त्याला वळसा घालून एक लाल तार दुसऱ्या बाजूला जोडली होती. म्हणजे तो असून नसल्यासारखा. पेटीच्या बाजूला पत्र्यात दोन छिद्रे होती आणि त्यांच्यामध्ये चौकोनी जागा स्वच्छ होती. आजूबाजूला धूळ आणि कोळ्याचे जाळे, मध्येच स्वच्छ चौकोन. तेथे कंडेन्सर होता. कालपरवापर्यंत होता. एक फेज नसताना उरलेल्या दोनवर मोटार चालवायची म्हणून लोक तो लावतात. माझ्याकडे आणण्यापूर्वी बागायतदाराने तो काढून घेतला होता, आणि लाल तार विसरला होता. छिद्रांच्या कडेला गंज जुना होता, म्हणजे कंडेन्सर नवा लावलेला नव्हता.

मी पेटी त्याच्याकडे वळवली.

"तार चांगली आहे. मोटार दोन फेजवर चालवल्यामुळे जळाली. येथे कंडेन्सर होता."

"न्हवता."

मी लाल तारेवर पेचकस ठेवला.  टपरीवरचे दोघे जवळ आले होते, ते आणखी जवळ आले.

"सगळेच लावतात," तो म्हणाला.

"सगळ्यांनी मला विचारलेलं नाही."

"लाइट रात्रीची देतात, ती बी धड न्हाई. कंडेन्सर न लावता पाणी कसं द्यावं माणसानं? तुमी या एक रात्र विहिरीवर."

त्यात खोटे काही नव्हते. मी तसे म्हणालो. विजेबद्दल त्याची तक्रार बरोबर होती. मोटारीबद्दल नव्हती.

"म्हंजे पैसे मी दिले अन् चूक बी माझीच?"

"पैसे बघायचे दिले. बघितलं."

टपरीवरचा एक जण हसला आणि लगेच गप्प झाला. मिस्त्रींच्या चेहऱ्यावर मोकळेपणा आला होता. गोष्ट तेथेच संपली असती तर माझे एक गिऱ्हाईक गेले असते आणि मिस्त्रींचे राहिले असते. पण बागायतदार मूर्ख नव्हता. त्याने थोडा विचार केला आणि विचारले, "मंग पहिल्या खेपेला बी अशीच जळाली आसंल. तवा चाचाला कसं कळलं न्हाई?"

तो मला विचारत होता. मी मिस्त्रींना विचारले, "पहिल्या वेळी गुंडाळ्या कशा दिसत होत्या?"

मिस्त्री दोन पावले पुढे आले. हातोडी दारातच ठेवली. "अशाच," ते म्हणाले.

"त्यांना कळलं होतं," मी बागायतदाराला सांगितले.

यानंतर बरेच बोलणे झाले आणि ते बहुतेक बागायतदारानेच केले. माहीत असून न सांगता मोटार भरून दिली, इतक्या वर्षांचा संबंध, लेकराच्या लग्नाला बोलावले होते, हे सगळे निघाले. मिस्त्री मान खाली घालून ऐकत होते. ते एकदाच म्हणाले, की मी बोललो असतो तर तुम्ही त्याच दिवशी मोटार उचलून नेली असती. "आता बी तेच करतो," असे म्हणून त्याने मोटार गाडीत टाकायला लावली. हिंगोलीत भरणारे कमी नव्हते. जाताना तो माझ्याकडे वळला.

"तुमाला काय मिळालं, साहेब?"

"बघायचे पैसे. ते आधीच मिळालेत."

पिकअप गेली. टपरीवरचे टपरीवर गेले. मिस्त्रींनी दारातली हातोडी उचलली, आत खिडकीपाशी ठेवली, आणि माझ्या दारात आले. त्यांना संतापलेले मी प्रथमच पाहिले. आवाज मात्र त्यांनी चढवला नाही.

"तुमचा तर धंदाच न्हवता, साहेब. माझा होता."

"त्यानं विचारलं."

"त्यानं विचारलं तुमाला, तुमी विचारलं मला. चार लोकांत. बराबर बोलले तुमी, न्हाई म्हणत न्हाई. पर बराबर बोलून माणूस काय खातं, ते बी सांगा कधी."

 ते परत गेले आणि दोन्ही दुकानांच्या मध्ये असलेली पत्र्याची खिडकी, जी कधीच बंद नसे, ती त्यांनी लावून घेतली.

दुपारी जेवायला घरी गेलो. बातमी माझ्या आधी पोहोचली होती. बायकोने ताट वाढले आणि समोर बसली.

"दोघांची बी गिऱ्हाइकं घालवली म्हणं तुमी."

"होय."

"एका दिवसात."

"एका तासात."

तिने भाकरी ठेवली. "अन् आज पोराला सांगायचंय."

"आहे लक्षात."

"मला विचारत नका बसू," ती म्हणाली. "तिथं गेलो तर तुमी खिडकीत बसणार अन् मी तुमाला बघत बसणार. हितं निदान तुमी भांडून तर येता." मग उठून ताक आणायला गेली. 

दुपारभर दुकानात कोणी आले नाही. मी टेबल आवरले. पुण्याहून आणलेली हत्यारे पुसून त्यांच्या जागी ठेवली. आमची शिल्लक किती आहे आणि ती किती पुरेल याचा हिशेब मी पूर्वीच केलेला होता. तो पुन्हा केला नाही. उत्पन्न हवे म्हणून दुकान काढले होते. सुटा भाग बदलून दाखवला असता तर उत्पन्न झाले असते. आज सकाळी एक वाक्य बदलून सांगितले असते तरी झाले असते. म्हणजे उत्पन्न नव्हते असे नाही. माझ्या दारातून ते आत येत होते आणि मी ते परत पाठवत होतो. हे मला स्वतःशी स्पष्ट करून घेणे आवश्यक वाटले. मी निरुपाय झालेला माणूस नव्हतो. त्यामुळे मुलाने केविलवाण्या आवाजात बोलण्याचे कारण नव्हते आणि मीही तसे बोलणार नव्हतो.

सहाला फोन वाजला. मुलगा वक्तशीर आहे.

"बाबा, काय ठरलं?"

"आम्ही येत नाही."

"म्हणजे दुकान चालतंय?"

"नाही."

 त्याच्यामागे कोणीतरी लिफ्टचे दार उघडल्याचा आवाज आला.

"आपलं काय ठरलं होतं, बाबा?"

"दुकान घर चालवत नसेल तर यायचं, असं ठरलं होतं. चालवत नाही. ते मी लपवत नाही. आणि येतही नाही."

"मग अट कशाला घातली आपण?"

"अट तू घातलीस. मी मान्य केली. आता मोडतो आहे."

 त्याचा राग मला समजत होता. मी त्याच्या जागी असतो तर फोन ठेवला असता. त्याने ठेवला नाही.

"मी काही तुम्हाला पोसणार म्हणून बोलावत नाही, बाबा."

"माहीत आहे."

"पैसे लागले तर मागाल?"

"मागेन."

"खरंच मागाल?"

"नाही."

तो हसला. फार नाही, पण हसला. छोट्या घराचा करार आणखी वर्षभर वाढवतो म्हणाला. आईला फोन करतो म्हणाला. मी ठीक आहे म्हणालो आणि फोन ठेवला.

फोन ठेवला तेव्हा मिस्त्री दारात होते. किती वेळ उभे होते ते माहीत नाही. आपले दुकान बंद करून, हात रॉकेलने धुऊन आले होते. पाच महिन्यांत ते माझ्या स्टुलावर कधी बसले नव्हते. आज बसले.

"एक इचारायचं होतं."

"पैसे आधी," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिले, खिशातून नोट काढली आणि टेबलावर ठेवली. ती चेष्टा समजून त्यांनी ठेवली की खरे समजून, ते मला आजही माहीत नाही.

"कंडेन्सरवाले माझ्याकडं किती येत आसतील? निम्मे," ते म्हणाले. "मला दिसतं. पर मी सांगू शकत न्हाई. सांगितलं की तो उद्या दुसरीकडं. न सांगता भरली की दोन म्हयन्यांत परत जळते अन् म्हणतो, चाचाची तार खोटी. आज हिंगोलीला गेला. तिथला बी सांगणार न्हाई. परत जळणार."

"मग?"

"मंग जळकी मोटार आली की आधी तुमच्याकडं. पेटीसकट. तुमी बघायचं, तुमी सांगायचं. वाईट तुमी व्हायचं. तुमाला तसं बी जमतं. मंग मी भरणार."

"लोक पैसे देऊन स्वतःची चूक ऐकायला येतील?"

"खुशीनं न्हाई येणार. पर बाळापुरात भरणारा मी एकटा. तुमी बघितल्याशिवाय भरणारच न्हाई म्हणलो तर येतील. शिव्या घालतील, येतील."

"काही हिंगोलीला जातील."

"जाऊ द्या. एक तर आजच गेला."

मी विचार केला. वरच्या मजल्यावरचा फोन आणि ही योजना यांत फरक होता. येथे मला गप्प बसण्याचे पैसे कोणी देत नव्हते.

"आणि चूक तुमची असली तर?" मी विचारले.

हा प्रश्न त्यांनी गृहीत धरलेला नसावा. त्यांनी नखांमधले काळे पाहिले. "तर बी सांगा. पर मला आधी. एकट्याला."

"नाही. गिऱ्हाइकासमोर."

"आधी मला, मंग गिऱ्हाइकाला."

"दोघांना एकदम."

 रस्त्यावरून नांदेडकडे जाणारे ट्रक चालले होते. शेवटी ते म्हणाले, "बडी तकलीफ हाय तुमची, साहेब," आणि उठले. मला वाटले, ते निघाले. पण त्यांनी फटीतून हात घालून आमच्या मधली पत्र्याची खिडकी उघडली, तीतून आपल्या दुकानात वाकले आणि एक डबा काढून माझ्या टेबलावर आपटला. मोटारीच्या बेअरिंगला लावायचे ग्रीस होते.

"अन् ते शटर. पाच म्हयने झाले, कान फुटले माझे. राह्यचं आसंल तर लावा."

ते गेले. नोट टेबलावरच राहिली होती. त्यांनी मला बघायला काही दिले नव्हते, फक्त विचारले होते. खिडकीतून हात घालून ती नोट मी त्यांच्या हातोडीखाली ठेवली.

मग स्टूल बाहेर काढून त्यावर उभा राहिलो. शटरच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या आधी चिंधीने पुसल्या, वरपासून खालपर्यंत ग्रीस लावले, शटर दोनदा वरखाली केले. खाली ओढून कुलूप लावले.